मोडक्या मशीनचं खापर

आमच्या जाऊबाईंशी माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, दोघी अगदी गळ्यात गळा घालून राहत होत्या. छे! लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्या गेल्या तोपर्यंत आमचं भांड्याला भांडं लागतच राहिलं. दूध उतू गेलं, तुमच्यामुळे. नळ चालू राहिला, तुमच्यामुळे. त्या चष्म्यावरून एकदा बघायच्या, "बरं धाकटे" म्हणायच्या आणि निघून जायच्या. त्यानं माझा पारा आणखी चढायचा. भांडणाऱ्या माणसाला समोरून उत्तर तरी मिळायला नको का?

थोरले दीर मी यायच्या आधीच गेले होते. जाऊबाई तेव्हा ऐन तारुण्यात, पदरी मूल नाही. माहेरी परत जा, असं सगळ्यांनी सांगितलं. त्या गेल्या नाहीत. पुढच्या खोलीतला पलंग मागे हलवला, कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातली जुनी टाइपरायटरं आणली आणि टायपिंगचा क्लास काढला. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा स्वागताला ही खडखड. क्लास सुरू झाला की फळीवरचे कप हलायचे. माझा मुलगा त्याच आवाजात झोपायचा, आणि आवाज थांबला की दचकून उठायचा.

शिकवायला बाई भयंकर कडक. कळा दिसू नयेत म्हणून बोटांवर फडकं टाकायच्या, मान खाली घातलेली खपायची नाही. आणि एक नियम तर असा, की त्यापायी मुली रडकुंडीला यायच्या. टाइपरायटरच्या वरच्या अंगाला कागद धरणारा लांबट भाग असतो, त्याला कॅरेज म्हणतात. आपण टाइप करत जावं तसं ते डावीकडे सरकत जातं. ओळ संपत आली की घंटी वाजते, मग डावीकडची दांडी ढकलून कॅरेज पार उजवीकडे न्यायचं, म्हणजे नवी ओळ सुरू. जाऊबाईंचं म्हणणं, मशीनवरून उठताना दांडी ढकलूनच उठायचं. पुढच्या मुलीला नवी ओळ तयार मिळाली पाहिजे, तुमची अर्धी उष्टी ओळ नको. विसरून गेलेल्या मुलीमागे त्या पायांत चपला अडकवून कोपऱ्यापर्यंत धावल्यात आणि तिला परत आणून दांडी ढकलायला लावलीय. मी खिडकीतून बघायचे आणि कपाळावर हात मारून घ्यायचे.

पण एक मान्य करायला हवं. त्या खोलीतून किती मुली पोटापाण्याला लागल्या याची मोजदाद नाही. बाजारात कुणीतरी बाई वाकून नमस्कार करायची आणि जाऊबाई तिच्या बोटांकडे बघायच्या. चेहरा लक्षात नसायचा, बोटं असायची.

मग कॉम्प्युटर आले. मुली कमी झाल्या, मग एकच उरली, मग तीही येईनाशी झाली. मशीनं भंगारवाल्यानं वजनावर नेली. तो तराजू लावायचा तेव्हा जाऊबाई मागच्या खोलीत जाऊन बसायच्या. एक मशीन तेवढं त्यांनी ठेवलं, ज्याच्यावर त्या स्वतः शिकवायला बसायच्या ते. रोज पुसायच्या, तेल द्यायच्या, आणि किराण्याची यादीसुद्धा त्याच्यावर टाइप करायच्या. दुकानदार हसायचा. मी तर म्हणायचे, जाऊबाई, आता मला काही सांगायचं असलं तरी टाइप करूनच द्या.

पुढे त्यांच्या बोटांचे सांधे सुजले. कळ दाबली की तोंड वाकडं व्हायचं. एक दिवस जेवताना त्या म्हणाल्या, मशीन विकायचंय. पैशांची गरज नव्हती, ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माझ्यामागे ते भंगारात जाणार. त्याआधी कुणाच्या तरी हाताखाली जाऊ दे, चालू दे.

माझ्या मुलानं फोटो काढून मोबाईलवर जाहिरात टाकली. जुन्या वस्तू लोक आपसात विकतात तिथे. खाली त्यानं नेहमीचं वाक्य लिहिलं, की वस्तू आमच्या हातून पाठवली गेली की पुढची जबाबदारी घेणाऱ्याची. सगळेच लिहितात म्हणाला. फोन यायला लागले. एकाला हॉटेलच्या काउंटरवर मांडायला हवं होतं, एकीला दिवाणखान्यात, फुलदाणी ठेवायला. पैसे भरपूर देत होते. जाऊबाईंनी प्रत्येकाला एकच विचारलं, टाइप कोण करणार? कुणीच नाही म्हटल्यावर फोन ठेवून दिला. माझा मुलगा वैतागला. त्या म्हणाल्या, माझं मशीन म्हणजे काय मेलेल्या वाघाचं मुंडकं आहे, भिंतीवर लावायला?

आणि मग अर्जवाल्यांचा फोन आला.

ते दूरच्या गावचे. तिथल्या सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. कचेरीचे छापील फॉर्म असतात, छोट्या छोट्या चौकोनांचे, कार्बन घालून भरायचे. ते प्रिंटरवर जमत नाहीत आणि हातानं लिहिलेले आतला कारकून घेत नाही. त्यामुळे या एका टायपिंगवर त्यांचं घर चालत होतं. त्यांचं जुनं मशीन कायमचं बसलं होतं, दुरुस्त करणारा कुणी उरला नव्हता. फाटकाबाहेरची जागा ज्याचं मशीन चालू त्याची, असा तिथला रिवाज. शेजारचा झेरॉक्सवाला त्या जागेवर डोळा ठेवून होता.

जाऊबाईंनी त्यांची फोनवरच परीक्षा घेतली. कुठल्या बोटानं काय दाबता, रिबन कधी बदलता, मशीन झाकून ठेवता का. तो बिचारा माणूस अर्ध्या वयाच्या विद्यार्थ्यासारखी उत्तरं देत होता. फोन ठेवल्यावर जाऊबाई मला म्हणाल्या, दहाही बोटं वापरतो गं. एखाद्या मुलीचं लग्न ठरावं तसा चेहरा झाला होता त्यांचा.

पाठवायचं कसं, हे माझ्या मुलानं त्यांना नीट समजावून सांगितलं. एक महागडी सोय होती, विमा उतरवून. मोडतोड झाली तर भरपाई मिळते. दुसरी साधी, तिच्यात काही झालं तर कुणी विचारत नाही. कुठली हवी ते तुम्ही ठरवा, कारण आमच्याकडून निघालं की धोका तुमचा. त्यांनी साधी मागितली. महागडीचे पैसे नव्हते हे उघडच होतं. म्हणाले, रस्त्यात काही झालं तर माझं नशीब, तुमच्याकडे बोट दाखवणार नाही.

बांधाबांध जाऊबाईंनी कुणाला करू दिली नाही. मी फक्त जुन्या चादरी फाडून देत होते आणि इतक्या चादरी कशाला म्हणून कुरकुरत होते. खोक्यात घालण्याआधी त्यांनी एक कागद चढवला आणि सुजलेल्या बोटांनी एक ओळ टाइप केली, सगळ्या कळा उमटतात का ते बघायला. कागद काढला. मशीनवर एकदा हात फिरवला. मग ते उचलून खोक्यात ठेवलं, चारही बाजूंनी चादरी ठासल्या, दोरी बांधली. कुरियरवाला खोकं घेऊन जिना उतरला तेव्हा त्या वरून ओरडल्या, हळू. बाकी रडल्या वगैरे नाहीत. त्या दिवशी चहा मात्र दोनदा प्यायल्या.

पुढचे दिवस त्यांचा जीव टांगणीला. मुलगा घरी आला की पहिला प्रश्न, कुठवर पोचलं? अखेर अर्जवाल्यांचा फोन आला. पोचलंय म्हणाले. जाऊबाईंचा चेहरा फुलला. मग त्यांनी विचारलं, की बाई, कॅरेज सरकत नाहीये, काही युक्ती आहे का?

तक्रार नव्हती हो ती. त्यांना खरंच वाटत होतं, काहीतरी युक्ती असेल. जाऊबाई खुर्चीच्या टोकावर बसून सांगत राहिल्या. ही खिट्टी दाबा, आता ती. मागच्या बाजूला पट्टा आहे, तो सुटलाय का बघा. पलीकडून प्रत्येक वेळी तोच आवाज, नाही बाई, नाही सरकत. शेवटी ते म्हणाले, खोकं एका कुशीनं चेपलेलं होतं. उजव्या बाजूनं.

घरात वाद पेटला तो तेव्हा. जाऊबाईंनी मुलाला विचारलं, आता हे कुणाच्या अंगावर? मुलगा विमा कंपनीत कामाला, त्याला यातलं कळतं. त्यानं शांतपणे सांगितलं, की दोन माणसांचा आपसातला व्यवहार, पाठवण्याची सोय त्यांनी निवडलेली, आपण माल कुरियरच्या ताब्यात दिला, पावती आहे. तिथे आपलं संपलं. रस्त्यात मोडलं तर त्यांचं. मीही मुलाची री ओढली. त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, मग आपण कशाला जीव जाळायचा, असं मी ठणकावून म्हणाले. कुरियरवाल्यांना फोन केला तर त्यांनी जुना माल, विमा नाही, एवढं बोलून हात वर केले.

जाऊबाईंनी मग एक प्रश्न विचारला. "आणि आपण नीट बांधलं नसेल तर?"

"तर आपलं, मोठी आई," मुलगा म्हणाला. "पण तू तर दोन पलंगांच्या चादरी घातल्यास."

त्यानं अर्जवाल्यांकडून फोटो मागवले. दुसऱ्या दिवशी आले. आम्ही तिघं त्या एवढ्याशा मोबाईलवर वाकलो. मला काही कळलं नाही. मोडलेलं मशीन दिसत होतं, झालं. जाऊबाईंनी मात्र मोबाईल हातात घेतला, जवळ नेला, लांब नेला, आणि टेबलावर उपडा ठेवला.

कॅरेज पार उजवीकडे होतं. खोक्याबाहेर काढलं तसंच फोटोत होतं, कुणी हलवलेलं नव्हतं, कारण ते हलतच नव्हतं. मशीन प्रवासाला निघताना कॅरेज मधोमध आणून दोरीनं आवळतात. क्लासची मशीनं दुरुस्तीला जायची तेव्हा मेकॅनिक असंच करायचा, जाऊबाई शेजारी उभ्या राहून बघायच्या. मधोमध असलं तर ते मशीनच्या अंगाबाहेर येत नाही. उजवीकडे असलं की वीतभर बाहेर डोकावतं, आणि खोकं त्या कुशीवर पडलं तर सगळा मार तेच खातं. त्यांना हे माहीत होतं. पण ती शेवटची ओळ टाइप करून झाल्यावर त्यांचा हात आपसूक दांडीवर गेला होता आणि त्यांनी दांडी ढकलली होती. पुढच्या माणसाला नवी ओळ तयार मिळावी म्हणून.

मी समोर होते. मी ते बघितलं होतं, आवाजही ऐकला होता. इतकी वर्षं ऐकलेला आवाज, कोण लक्ष देतं?

जाऊबाईंनी तिथल्या तिथे अर्जवाल्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. चूक माझी आहे, पैसे परत घ्या. ते ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, तुमचे उपकार आहेत बाई, पण मी कबूल केलं होतं ते केलं होतं. आम्ही मुलाकरवी पैसे पाठवले. संध्याकाळपर्यंत ते परत आले. माझा मुलगासुद्धा बोलला त्यांच्याशी, की कायद्यानंही आता हे आमच्याकडेच येतं, बांधण्यात चूक आहे. ते त्याला म्हणाले, तुमच्या मोठ्या आईंचं मन फार मोठं आहे. त्यांना वाटलं, म्हातारीला दया आली आणि तिनं ही गोष्ट रचली.

जाऊबाई जेवेनात. म्हणजे ताटावर बसायच्या, पण घास फिरत राहायचा. मी बोलले, ओरडले, ताट आपटलं. एक दिवस त्या पिशवी भरून दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी जाऊन येते. त्या वयात, एकटी? मी पायात चपला घातल्या आणि निघाले. बसमध्ये त्यांना भरपूर सुनावलं, की तुमच्या एका दांडीपायी मला कंबरडं मोडून घ्यावं लागतंय. त्या पिशवी घट्ट धरून समोर बघत होत्या.

कचेरीच्या भिंतीला लागून टेबलांची रांग होती. अर्जवाले लगेच ओळखू आले, कारण त्यांच्याच टेबलावर मशीन होतं. बंद पडलेलं, पण झाकण घालून मधोमध ठेवलेलं. मशीन दिसलं नाही तर जागा रिकामी धरतात ना, म्हणून. झेरॉक्सवाल्यानं आपलं टेबल तरीही अर्धं आत सरकवलं होतं. अर्जवाले साध्या कागदावर कुणाला तरी हातानं काही लिहून देत होते. त्यांनी आम्हाला बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि दुसरी शेजाऱ्याकडून मागून आणली. साधा माणूस. बोटं मात्र बघण्यासारखी, लांबसडक. जाऊबाई त्या बोटांकडेच बघत होत्या.

मग त्यांनी झाकण काढलं. अर्जवाल्यांना समोर उभं करून सगळं दाखवलं. मी अशी बसले होते, ओळ अशी संपवली, आणि हात असा गेला. हात खरंच गेला, दांडीला लागला, त्यांनी ढकललं. कॅरेज जागचं हललं नाही. त्यांनी पुन्हा ढकललं. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

"बाई, पुरे," अर्जवाले म्हणाले. "तुम्ही एवढ्या मुली शिकवल्यात. तुमच्या हातून असं होईल, हे मला कुणी देवाशपथ सांगितलं तरी पटायचं नाही. माझं ओझं तुम्ही नका घेऊ."

जाऊबाईंनी पैशांचं पाकीट पुढे केलं, अर्जवाल्यांनी हात जोडले. चहा मागवला, आणि कपांचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत. पुढे काय करणार, मी विचारलं. महिनाअखेर टेबल उचलायचं ठरलं होतं. भावाच्या गोदामात रात्रीची राखण करायला बोलावलंय म्हणाले, आणि हसले. मशीन कुणाला तरी शोभेला लागेल, चांगले पैसे येतील. हे ते आमची समजूत काढायला सांगत होते.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जाऊबाई, मी शेजारी. घरी मुलगा म्हणत होता, तू मुद्दाम थोडंच केलंस. माझी सून म्हणत होती, वय झालं की होतं असं. अर्जवाले म्हणत होते, नशीब. सगळे त्यांना सोडून देत होते, आणि त्या माणसाचं पोट गेलं होतं. ते कुणाच्या तरी माथी तर असायला हवं होतं.

बराच रस्ता गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. सुजलेली, गरम बोटं.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "तू बघितलंयस. तू तरी म्हण."

मला कळलं त्या काय मागतायत ते. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ जड झाली. मला म्हणावंसं वाटलं, जाऊ द्या हो जाऊबाई. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "चूक तुमचीच आहे. तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही दांडी ढकललीत. त्या माणसाचं मशीन तुम्ही मोडलंत."

त्यांनी मान हलवली. "बरं धाकटे," म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकवून बाई ढसाढसा रडल्या. मी हजारदा नको ते खापर त्यांच्या माथी फोडलं होतं, त्यांनी एकही कधी अंगाला लावून घेतलं नाही. हे एकच त्यांनी मागून घेतलं, आणि मी ते दिलं.